एक्सएसएलटी: मराठी दस्तऐवजापासून वेबपान घडवण्याची रीत

एक्सएमएलमध्ये, म्हणजे मजकुराचा प्रत्येक भाग टॅग नावाच्या कोनचिन्हांतल्या खुणांमध्ये ठेवण्याच्या पद्धतीत, लिहिलेला दस्तऐवज वाचून त्यापासून वेबपान, दुसरा एक्सएमएल दस्तऐवज किंवा साधा मजकूर तयार करणे, एवढ्या एकाच कामासाठी एक्सएसएलटी ही भाषा बनवली गेली आहे. वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने १६ नोव्हेंबर १९९९ रोजी तिची पहिली आवृत्ती शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. तिचे संपादन जेम्स क्लार्क यांनी केले होते. मायकेल के यांच्या संपादनाखाली २००७ मध्ये दुसरी आणि २०१७ मध्ये तिसरी आवृत्ती आली. जावा किंवा पायथनची सवय असलेल्या माणसाला ही भाषा सुरुवातीला अडेल वाटते, कारण तिच्यात ‘आधी हे कर, मग ते कर’ असे सांगायचे नसते. दस्तऐवजात अमुक प्रकारचा भाग आला की त्याचे काय व्हावे, याचे नियम लिहायचे आणि ते कोणत्या क्रमाने लागू होतील हे दस्तऐवजाच्या रचनेवर सोडायचे, ही तिची पद्धत आहे. ही एक गोष्ट मनात पक्की बसली तर बाकीची भाषा शिकायला फार वेळ लागत नाही. ती बसली नाही तर वर्षभर काम करूनही माणूस या भाषेशी झगडत राहतो. म्हणून या मार्गदर्शनात आज्ञांच्या यादीपेक्षा त्या पद्धतीवर अधिक भर दिला आहे.

उदाहरणासाठी युनेस्कोने २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेले मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले घेऊ. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तमिळनाडूत आहे. एक्सएमएलमध्ये टॅगची नावे देवनागरीत ठेवता येतात, ही सोय मराठी माणसांनी फारशी वापरलेली दिसत नाही. दस्तऐवज मराठी असेल तर त्याचे टॅगही मराठीच असावेत असे माझे मत आहे, कारण माहिती भरणारी व्यक्ती प्रोग्रामर नसली तरी तिला ती फाईल वाचता येते.

<किल्ले>
 <किल्ला प्रकार="गिरिदुर्ग">
  <नाव>रायगड</नाव>
  <जिल्हा>रायगड</जिल्हा>
  <वर्णन><व्यक्ती>हिरोजी इंदुलकर</व्यक्ती> यांच्या देखरेखीखाली उभ्या राहिलेल्या या गडावर १६७४ मध्ये <व्यक्ती>छत्रपती शिवाजी महाराज</व्यक्ती> यांचा राज्याभिषेक झाला.</वर्णन>
 </किल्ला>
 <किल्ला प्रकार="जलदुर्ग">
  <नाव>सिंधुदुर्ग</नाव>
  <जिल्हा>सिंधुदुर्ग</जिल्हा>
  <वर्णन><स्थळ>मालवण</स्थळजवळच्या <स्थळ>कुरटे</स्थळ> बेटावरील या किल्ल्याचे बांधकाम १६६४ मध्ये सुरू झाले.</वर्णन>
 </किल्ला>
</किल्ले>

वरच्या तुकड्यात मुद्दाम एक चूक ठेवली आहे. ‘मालवण’ या शब्दानंतरच्या बंद होणाऱ्या टॅगला शेवटचे कोनचिन्ह नाही. ब्राउझर एचटीएमएलमधील, म्हणजे वेबपानांच्या भाषेतील, अशी चूक पोटात घालतो, पण एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम तिथेच थांबतो आणि ओळीचा क्रमांक सांगतो. चिन्ह घालून घ्यावे, फाईल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, साठवावी आणि मगच पुढे जावे.

एक्सएसएलटीच्या स्वतःच्या आज्ञा मात्र रोमन लिपीतच लिहाव्या लागतात. पुढे त्यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाईलमध्ये ती लहान रोमन अक्षरांत, ‘एक्सएसएल’ हा उपसर्ग आणि त्यापुढे अपूर्णविराम देऊन लिहावीत. संपूर्ण फाईल ‘स्टाइलशीट’ नावाच्या एका मूळ टॅगमध्ये बसते. त्या टॅगवर ‘व्हर्जन’ आणि नेमस्पेसचा (टॅग कोणत्या भाषेचे आहेत हे सांगणाऱ्या नामसंचाचा) पत्ता, अशा दोन गोष्टी आवश्यक असतात. या पत्त्यात १९९९ हे वर्ष आहे आणि तिसऱ्या आवृत्तीसाठीही तोच वापरायचा असतो. वर्ष जुने वाटते म्हणून ते कोणी ‘सुधारले’ तर प्रोसेसरला, म्हणजे स्टाइलशीट चालवणाऱ्या प्रोग्रामला, एकही आज्ञा ओळखू येत नाही.

रिकाम्या स्टाइलशीटपासून सुरुवात

पहिला प्रयोग म्हणून स्टाइलशीटमध्ये काहीही न लिहिता ती चालवून पाहावी. लिनक्सवर ‘एक्सएसएलटीप्रॉक’ हा छोटा प्रोग्राम सहज मिळतो. त्याला आधी स्टाइलशीटचे आणि मग दस्तऐवजाचे नाव द्यायचे असते. तो फक्त पहिली आवृत्ती जाणतो. दुसरी आणि तिसरी आवृत्ती हवी असेल तर मायकेल के यांच्याच सॅक्सोनिका कंपनीचा ‘सॅक्सन’ घ्यावा. त्याची ‘एचई’ ही आवृत्ती मुक्त स्रोत आहे.

एकही नियम लिहिलेला नसताना काही बाहेर पडणार नाही अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात रायगड, सिंधुदुर्ग, हिरोजी इंदुलकर असा सगळा मजकूर टॅगविना एकामागून एक छापला जातो. ‘गिरिदुर्ग’ आणि ‘जलदुर्ग’ हे शब्द मात्र त्यात कुठेच नसतात. या निकालाकडे थोडा वेळ देऊन पाहावे, कारण भाषेचे मर्म त्यात आहे. एक्सएसएलटीमध्ये काही अंगभूत नियम आधीपासून असतात: एलिमेंट (उघडणारा व बंद होणारा टॅग आणि त्यांमधला मजकूर) आले तर त्याच्या अपत्यांकडे, म्हणजे थेट आत असलेल्या भागांकडे, जा, मजकूर आला तर तो जसाच्या तसा उतरव, टिप्पणी आली तर सोडून दे. म्हणजे सर्वांत बाहेरच्या टॅगपासून सर्वांत आतल्या मजकुरापर्यंतची फेरी आपण सांगण्याआधीच चालू असते. अ‍ॅट्रिब्यूट (टॅगच्या आतच लिहिलेली, ‘प्रकार’सारखी माहिती) हे एलिमेंटचे अपत्य मानले जात नाही, त्यामुळे ही फेरी त्याच्याकडे आपण होऊन जात नाही आणि म्हणूनच किल्ल्यांचे प्रकार छापले गेले नाहीत. आपण लिहितो तो प्रत्येक नियम म्हणजे या चालू फेरीत एखाद्या ठिकाणी केलेला हस्तक्षेप असतो.

आता पहिला हस्तक्षेप करू. ‘टेम्प्लेट’ ही आज्ञा लिहून तिच्या ‘मॅच’ या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ‘किल्ले’ असे लिहावे. आत वेबपानाचा सांगाडा, म्हणजे एचटीएमएल, हेड आणि बॉडी हे टॅग ठेवावेत आणि बॉडीच्या आत ‘अप्लाय-टेम्प्लेट्स’ ही एकच आज्ञा द्यावी. ‘माझ्या अपत्यांवर ज्याचे त्याचे नियम लागू करा’, असा तिचा अर्थ आहे. दुसरा नियम ‘किल्ला’साठी: एक सेक्शन टॅग, आत पुन्हा ‘अप्लाय-टेम्प्लेट्स’. तिसरा ‘नाव’साठी, जो मजकूर शीर्षकाच्या टॅगमध्ये ठेवील. चौथा ‘वर्णन’साठी, परिच्छेदाचा. पाचवा ‘व्यक्ती’साठी ठळक अक्षरांचा आणि सहावा ‘स्थळ’साठी तिरप्या अक्षरांचा. प्रत्येक नियम दोन-तीन ओळींचा होतो आणि कोणत्याही नियमाला दुसरा कोठे आहे हे माहीत नसते.

नवशिके बहुतेक वेळा इथे दुसरी वाट धरतात. ‘फॉर-ईच’ नावाची आज्ञा त्यांना ओळखीची वाटते, म्हणून ते मुळाच्या एकाच नियमात सगळे पान लिहून काढतात: प्रत्येक किल्ला घ्या, त्याचे नाव छापा, त्याचा जिल्हा छापा, वर्णन छापा. तक्त्यासारख्या सरळ माहितीवर हे चालून जाते. वर्णनापाशी मात्र ते कोसळते, कारण तिथे मजकूर आणि टॅग एकमेकांत मिसळलेले आहेत. व्यक्ती आधी येईल की स्थळ, किती वेळा येईल, एकाच्या पोटात दुसरे येईल का, हे आधी ठरवता येत नाही. नुसता मजकूर काढणाऱ्या ‘व्हॅल्यू-ऑफ’ने वर्णन छापले तर आतील टॅग नाहीसे होतात. ‘अप्लाय-टेम्प्लेट्स’ दिले तर ज्या क्रमाने मजकूर आणि टॅग येतील त्याच क्रमाने त्यांचे नियम आपोआप लागत जातात. वेबवरचे बहुतेक दस्तऐवज अशा मिश्र मजकुराचेच असतात, आणि या भाषेचे खरे बळ तिथेच दिसते. माझा आग्रह असा आहे की निदान पहिले काही महिने ‘फॉर-ईच’ला हात लावू नये.

नियम कोणाला लागू व्हावा हे सांगण्यासाठी एक्सपाथ ही छोटी जोडभाषा असते. तिरप्या रेघेने पायऱ्या, चौकटी कंसात अट आणि ‘@’ या चिन्हाने अ‍ॅट्रिब्यूट दाखवतात:

/किल्ले/किल्ला[जिल्हा='पुणे']/नाव
किल्ला[@प्रकार='जलदुर्ग']
व्यक्ती | स्थळ
../नाव

पहिली ओळ पूर्ण यादीतून शिवनेरी, लोहगड आणि राजगड ही नावे काढून देते. दुसरी खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे जलदुर्ग निवडते. तिसरीतील उभी रेघ ‘किंवा’ या अर्थाची आहे. चौथी एक पायरी वर जाऊन शेजारचे नाव आणते. आता जिंजीचा विचार करू. फक्त त्याच्याच नोंदीत ‘राज्य’ असा जादा टॅग ठेवला, तर किल्ला[राज्य] असा वेगळा नियम लिहून त्यात राज्याचे नाव छापता येते. मग जिंजीला दोन नियम लागू पडतात, एक साधा ‘किल्ला’चा आणि एक अटीचा. अशा वेळी अटीचा नियम जिंकतो, कारण नुसत्या नावाच्या नियमाचा अग्रक्रम शून्य आणि अट असलेल्याचा अर्धा धरला जातो. अट असलेले दोन नियम एकाच एलिमेंटवर आले तर मात्र गोंधळ होतो. तेव्हा ‘प्रायॉरिटी’ या अ‍ॅट्रिब्यूटने आपण स्वतः क्रम सांगावा, प्रोसेसरवर सोडू नये.

एक चूक फार वेळा होते. किल्ल्याच्या नियमात असताना त्या किल्ल्याच्या वर्णनातील स्थळे हवी असतात आणि माणूस लिहितो //स्थळ. दोन तिरप्या रेघांनी सुरुवात झाली की शोध दस्तऐवजाच्या मुळापासून होतो, त्यामुळे प्रत्येक किल्ल्याखाली बाराही किल्ल्यांची स्थळे छापली जातात. सुरुवातीला एक टिंब द्यावे, म्हणजे .//स्थळ, की शोध चालू किल्ल्यापुरता राहतो.

जिल्ह्यांप्रमाणे गट करायचे असतील तर दुसऱ्या आवृत्तीपासून ‘फॉर-ईच-ग्रुप’ ही आज्ञा आहे. तिला ‘जिल्हा’ हा आधार दिला की पुण्याखाली तीन, रायगड जिल्ह्याखाली रायगड आणि खांदेरी, सिंधुदुर्ग जिल्ह्याखाली विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग असे गट मिळतात. पहिल्या आवृत्तीत ही सोय नव्हती. स्टीव्ह म्युन्च यांनी ‘की’ आणि ‘जनरेट-आयडी’ यांच्या जोडीने शोधलेली युक्ती तेव्हा सगळे वापरत आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. जुन्या स्टाइलशीटमध्ये ती भेटेल, म्हणून ओळखीची असावी. नव्याने लिहिताना तिची गरज नाही.

व्हेरिएबलला एकदा दिलेली किंमत या भाषेत बदलता येत नाही. फेरीत एकेक मिळवत बेरीज करण्याचा विचार सोडून द्यावा. मोजणीसाठी ‘काउंट’, बेरजेसाठी ‘सम’, अनुक्रमांकासाठी ‘पोझिशन’ ही तयार फंक्शने आहेत आणि जवळपास सगळी गरज त्यांनी भागते.

मराठी मजकुराच्या अडचणी

परदेशी पाठ्यपुस्तकांत ज्यांचा उल्लेख नसतो, पण मराठी दस्तऐवजात ज्या हमखास येतात, अशा अडचणींकडे आता वळू.

सर्वांत आधी ‘आउटपुट’ ही आज्ञा लिहून तिच्यात एन्कोडिंग यूटीएफ-८ असे स्पष्ट सांगावे. एचटीएमएल काढताना हे सांगितले नाही तर काही प्रोसेसर प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी त्याचा अंकी संकेत लिहितात. ब्राउझरमध्ये पान ठीक दिसते, पण फाईल उघडून दुरुस्ती करणे अशक्य होते.

आकडे ही दुसरी अडचण. किल्ल्यावर वर्ष="१६६४" असे अ‍ॅट्रिब्यूट ठेवून १६६० नंतरचे किल्ले निवडायला गेलो तर एकही किल्ला मिळत नाही आणि पहिल्या आवृत्तीत तर चूक झाल्याचा संदेशही येत नाही. एक्सपाथ देवनागरी आकडे संख्या म्हणून वाचत नाही, आणि जी संख्याच नाही तिच्याशी केलेली प्रत्येक लहानमोठी तुलना खोटी ठरते. यावर उत्तम उपाय म्हणजे दस्तऐवजात संख्या इंग्रजी आकड्यांत साठवाव्यात आणि छापताना ‘ट्रान्सलेट’ या फंक्शनने देवनागरी कराव्यात. त्याला तीन गोष्टी द्यायच्या असतात: मूळ मजकूर, इंग्रजी आकड्यांची शून्य ते नऊ अशी रांग आणि त्याच क्रमाने देवनागरी आकड्यांची रांग. अनुक्रमांकासाठी तेवढेही करावे लागत नाही. ‘नंबर’ या आज्ञेच्या ‘फॉरमॅट’मध्ये १ असा देवनागरी आकडा लिहिला की पुढची सगळी मोजणी देवनागरीत होते.

तिसरी अडचण अधिक छुपी आहे. ‘कऱ्हाड’ हा शब्द दोन माणसांनी दोन कीबोर्डांवर लिहिला तर पडद्यावर तो सारखाच दिसेल, पण आतून वेगळा असू शकतो. एकाने ऱ हे अक्षर थेट लिहिलेले असते, दुसऱ्याने र आणि त्याखाली नुक्ता, तर तिसऱ्याने र, हलन्त आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचे अदृश्य जोडचिन्ह वापरलेले असते. एक्सपाथची तुलना वर्णसंकेतांची होते, म्हणून हे तिन्ही शब्द तिला निरनिराळे वाटतात आणि एकाच गावाचे तीन गट पडतात. पहिले दोन प्रकार दुसऱ्या आवृत्तीतील ‘नॉर्मलाइझ-युनिकोड’ या फंक्शनने एक होतात. तिसरा होत नाही, कारण युनिकोड त्याला समान मानत नाही. त्यासाठी ‘रिप्लेस’ वापरून ती जोडी बदलून घ्यावी लागते. टॅगच्या नावांत मात्र अशी अक्षरे मुळीच ठेवू नयेत.

अकारविल्हे लावण्याबाबतही सावध असावे. ‘सॉर्ट’ जर नुसत्या वर्णसंकेतांवर चालले तर ळ हे अक्षर ल आणि व यांच्यामध्ये येते आणि ‘कळ’ हा शब्द ‘कवी’च्या आधी लागतो. आपल्या वर्णमालेत ळ ह-नंतर येतो. सॉर्टला मराठी भाषेचा संकेत देता येतो, पण प्रोसेसर तो कितपत पाळतो हे अशाच शब्दांची छोटी यादी देऊन तपासावे.

आता सामान्यरूपाचा प्रश्न. स्थळांची सूची करायची आहे आणि वर्णनात ‘पुण्याजवळ’ असा शब्द आहे. टॅग कुठे लावावा? ‘पुण्या’ एवढ्याला लावला तर सूचीत ‘पुण्या’ असेच येईल. म्हणून मूळ रूप अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवावे:

<स्थळ मूळ="पुणे">पुण्या</स्थळ>जवळ

वाचनाच्या मजकुरात टॅगमधील शब्द छापावा आणि सूचीसाठी (@मूळ, .)[1] असे लिहावे. मूळ रूप दिलेले असेल तर ते, नसेल तर टॅगमधील शब्द, असा त्याचा अर्थ होतो. ही रचना दुसऱ्या आवृत्तीपासून चालते. इंग्रजीत ज्याची क्वचितच गरज पडते ते मराठीत प्रत्येक परिच्छेदात लागते, म्हणून दस्तऐवजाची आखणी करतानाच ही सोय ठेवावी.

मोकळ्या जागांबद्दल एक सूचना. फाईल नीटनेटकी दिसावी म्हणून घातलेल्या रिकाम्या जागा ‘स्ट्रिप-स्पेस’ने काढून टाकता येतात, पण ती सगळ्या टॅगना लावली तर वर्णनात शेजारी शेजारी आलेल्या दोन टॅगांमधली एकुलती मोकळी जागाही जाते आणि दोन नावे एकमेकांना चिकटतात. ‘वर्णन’ला ‘प्रिझर्व्ह-स्पेस’ने वगळावे.

आधीपासून असलेली वेबपाने

स्वतःच्या एक्सएमएलऐवजी तयार वेबपानांवर काम करायचे असेल तर आधी ती ‘टायडी’सारख्या साधनाने एक्सएचटीएमएलमध्ये, म्हणजे एक्सएमएलचे नियम पाळणाऱ्या एचटीएमएलमध्ये, बदलून घ्यावीत, म्हणजे उघडे राहिलेले टॅग बंद होतात. त्यानंतरही आपला एकही नियम लागू होत नाही असे आढळेल. एक्सएचटीएमएलचे सगळे टॅग एका नेमस्पेसमध्ये असतात आणि उपसर्गाशिवाय लिहिलेले नाव नेमस्पेस नसलेल्या टॅगलाच जुळते, हे त्याचे कारण. स्टाइलशीटमध्ये त्या नेमस्पेसला एक उपसर्ग द्यावा आणि प्रत्येक नियमात तो लावावा. दुसऱ्या आवृत्तीपासून ‘एक्सपाथ-डिफॉल्ट-नेमस्पेस’ एकदाच सांगूनही भागते. ‘नियम बरोबर दिसतो पण चालत नाही’ अशी तक्रार आली की मी सर्वप्रथम नेमस्पेसच तपासतो.

पान आहे तसेच ठेवून एखादीच गोष्ट बदलायची असते, उदाहरणार्थ प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर जोडणे, तेव्हा प्रतिरूप नियम वापरतात. ‘जे काही येईल त्याची नक्कल करा आणि त्याच्या अ‍ॅट्रिब्यूट व अपत्यांकडे जा’, असा तो एक नियम असतो. तिसऱ्या आवृत्तीत ‘मोड’ या आज्ञेला ‘शॅलो-कॉपी’ सांगितले की तोही लिहावा लागत नाही. मग चित्रापुरता एकच जादा नियम लिहायचा. शेकडो पानांच्या संग्रहात अशी दुरुस्ती शोधा-आणि-बदला पद्धतीने करण्यापेक्षा ही रीत कितीतरी सुरक्षित आहे, कारण टॅगची रचना कुठेही मोडत नाही.

हे रूपांतर वाचकाच्या ब्राउझरवर सोपवू नये. ब्राउझरांनी पहिल्या आवृत्तीपलीकडे मजल मारलीच नाही, आणि २०२५ मध्ये क्रोमने ही सोय काढून टाकण्याचा बेत जाहीर केला आहे. आपल्याच संगणकावर किंवा सर्व्हरवर रूपांतर करून तयार एचटीएमएल प्रकाशित करावे.

बारा किल्ल्यांची बारा स्वतंत्र पाने हवी असतील तर ‘किल्ला’च्या नियमात सेक्शन टॅगऐवजी ‘रिझल्ट-डॉक्युमेंट’ ही दुसऱ्या आवृत्तीतील आज्ञा ठेवावी आणि तिच्या आत पूर्ण पानाचा सांगाडा द्यावा. फाईलचे नाव किल्ल्याच्या नावावरून घेण्याचा मोह होतो, पण देवनागरी नाव दुव्यात टक्केचिन्हांची लांबलचक साखळी होऊन बसते. त्याऐवजी प्रत्येक किल्ल्याला ‘ओळख’ असे अ‍ॅट्रिब्यूट देऊन त्यात रोमन लिपीतील लहानसे नाव ठेवावे आणि तेच फाईलसाठी व दुव्यासाठी वापरावे. मुख्य पानावरील सूचीसाठी त्याच किल्ल्यांवर पुन्हा ‘अप्लाय-टेम्प्लेट्स’ द्यायचे, मात्र या वेळी नियमांचा वेगळा संच निवडणाऱ्या ‘मोड’ या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ‘सूची’ असे लिहायचे. त्याच मोडचा ‘किल्ला’साठी दुसरा छोटा नियम करून त्यात फक्त नाव आणि दुवा ठेवला की एकाच फाईलमधून बारा पाने आणि त्यांची अनुक्रमणिका एका फेरीत तयार होते.